मोठ्याच्या मटणाचा रस्सा: चुलीवरचा इतिहास आणि आपलं आरोग्य



रक्त कमी असलेल्या किंवा गाऊटने पायाचा अंगठा सुजलेल्या पेशंटला डॉक्टर एक साधा प्रश्न विचारतात, "जेवणात काय काय असतं?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. "भाजी, भाकरी, वरण, कधीतरी अंडं." थोडा वेळ बोलणं झालं, दार लोटलेलं आहे याची खात्री झाली, की काही जण हळूच सांगतात, "डॉक्टर, आमच्यात मोठ्याचं चालतं."

मोठ्याचं म्हणजे मोठ्या जनावराचं मटण. मराठवाड्यात मुसलमान घरांत त्याला "बडे का" म्हणतात आणि शेळी-बोकडाच्या मटणाला "छोटे का". शब्द साधा आहे, पण आवाज खाली आणून बोलला जातो. या खालच्या आवाजामागे काही शतकांचा इतिहास आहे आणि त्याचा तुमच्या तब्येतीशी थेट संबंध आहे. तुम्ही काय खाता हे डॉक्टरांना कळलं नाही, तर सल्ला अर्धवटच मिळणार.

म्हणून आज धाराशिव जिल्ह्यातल्या अनेक घरांत रात्रीच्या जेवणाला शिजणाऱ्या, मंद आचेवर तासन्‌तास रटरटणाऱ्या या रश्श्याचा इतिहास पाहू. तो कुठून आला, त्यात काय पोषण आहे, कुठे धोका आहे, आणि त्याच्याभोवतीच्या कोणत्या समजुती खऱ्या नाहीत. तुमच्या घरी हे शिजत नसलं तरी वाचा. कठीण मांस, पाय्याचं सूप, रक्तवाढ आणि उरलेलं अन्न याबद्दल जे लिहिलं आहे, ते बोकडाच्या मटणालाही लागू आहे.

वाट्याला आलेलं मांस

आजचा धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून त्याला उस्मानाबाद म्हणत. २०२३ पासून अधिकृत नाव धाराशिव झालं. ज्वारी, तूर, हरभरा पिकवणारा, पावसाची खात्री नसलेला हा मुलूख. शेती बैलांवर चालायची. त्यामुळे सशक्त जनावर कापून खाणं शेतकऱ्याला परवडणारं नव्हतं. मांस मिळायचं ते म्हाताऱ्या, कामातून गेलेल्या किंवा मेलेल्या जनावराचं.

मेलेलं जनावर गावाबाहेर ओढून नेण्याचं काम गावगाड्याने महारांवर टाकलेलं होतं. चामड्याची आणि दोरखंडाची कामं इतर दलित जातींकडे होती. या कामाचा मोबदला म्हणून मेलेल्या जनावराचं मांस त्यांच्या वाट्याला यायचं. म्हणजे ही आवड नव्हती, आणि निवडही नव्हती. ज्यांना जमीन नाही, ज्यांना दूध-तूप मिळत नाही, त्यांना गावाने सोपवलेलं ते अन्न होतं. त्यावरूनच पुन्हा त्यांना हिणवलंही जायचं.

या अन्नाबद्दल छापील पाकपुस्तकांत फारसं काही सापडत नाही. शाहू पाटोळे यांचं "अन्न हे अपूर्णब्रह्म" हे पुस्तक २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीची नोंद त्यात आहे. २०२४ साली ते इंग्रजीतही आलं. आपल्या आजीने जे रांधलं ते पुस्तकात लिहिण्याजोगं आहे, हेच अनेक घरांना तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

या स्वयंपाकघरात काहीच वाया जात नसे. काळीज, वजडी, पाय, मुंडी, चरबी सगळं वापरलं जायचं. रक्त शिजवून त्याची रक्ती व्हायची. जास्तीच्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून त्या दोरीवर उन्हात वाळवत. त्यांना चान्या म्हणतात. पाऊसकाळात, हाताला काम नसताना, मूठभर चान्या भाजून किंवा बरबाटात टाकून घर जेवायचं. बरबाट म्हणजे पातळ कालवण. तेल विकत घेणं परवडत नसल्यामुळे जनावराची चरबीच वितळवून वापरली जायची. रस्सा दाट व्हायचा तो येसुराने. येसूर म्हणजे धान्य-डाळी भाजून मसाल्याबरोबर दळलेलं पीठ.

चान्यांचं शास्त्र सोपं आहे. मांसातलं पाणी काढून टाकलं की जंतूंना वाढायला ओलावा उरत नाही. दक्षिण आफ्रिकेतलं बिल्टाँग आणि दक्षिण अमेरिकेतलं चार्की याच युक्तीवर टिकतं. पाणी गेल्यामुळे वजनाच्या मानाने प्रथिनं आणि लोह एकवटतं. मात्र वाळवताना मीठ लावलं असेल तर तेही एकवटतं. रक्तदाब असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

स्वाभिमान आणि फाशीचा रोग

आता या अन्नाची दुसरी बाजू पाहू. मेलेल्या जनावराचं मांस धोकादायकही असायचं, कारण जनावर कशाने मेलं हे कळायला मार्ग नव्हता. गुराढोरांचे तीन रोग शेतकऱ्यांना नावाने माहीत आहेत: घटसर्प, फऱ्या आणि फाशी. यातला फाशी म्हणजे अँथ्रॅक्स माणसालाही होतो. जनावर सोलताना जखमेतून जंतू शिरला तर कातडीवर काळा खपला धरणारी काळपुळी उठते. मांस खाल्ल्यास आतड्याचा गंभीर आजार होऊ शकतो. १८७६ साली रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने या जंतूचं जीवनचक्र दाखवून दिलं. हा जंतू बीजाणूच्या रूपात मातीत वर्षानुवर्षं टिकतो, आणि त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही बराच वेळ तग धरू शकतात. म्हणजे "नीट शिजवलं की झालं" हा नियम इथे पुरत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत लोकांना मेलेल्या जनावराचं मांस सोडण्याचं आवाहन केलं. त्यांचा मुद्दा जंतूंचा नव्हता, माणुसकीचा होता. जे काम आणि जे अन्न आपल्याला हलकं ठरवण्यासाठी वापरलं जातं, ते आपणच नाकारायचं. पुढे २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळे इथे महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेब तिला आले होते. गावकीच्या कामाची सक्ती ज्या वतनामुळे गळ्यात पडत होती, त्या वतनाचा प्रश्न थेट या मातीत मांडला गेला.

लोकांनी मेलेलं जनावर ओढणं सोडलं. कित्येक गावांत त्यासाठी बहिष्कार आणि मारहाण सोसली. या निर्णयाचा आरोग्याला झालेला फायदा कुणी मोजला नसेल, पण डॉक्टर म्हणून मला तो स्पष्ट दिसतो. न तपासलेल्या, आजाराने मेलेल्या जनावराशी येणारा संबंध तुटला. काही घरांनी मोठ्याचं मांस कायमचं सोडलं. काहींनी फक्त मेलेल्याचं सोडलं आणि कसायाकडचं ताजं घेणं चालू ठेवलं. दोन्ही निर्णय त्यांचे आहेत आणि त्यावर शेरे मारण्याचा अधिकार कुणालाच नाही, डॉक्टरलाही नाही.

आजचा नियम मात्र एकच: गोठ्यातलं जनावर अचानक दगावलं, नाका-तोंडातून काळसर रक्त आलं, तर त्याला हात लावू नका, सोलू नका, खाऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

कठीण तुकडा मऊ कसा होतो

या रश्श्याची दुसरी परंपरा मुसलमान घरांतली. परंडा आणि नळदुर्गच्या किल्ल्यांवर शतकानुशतकं दख्खनी सुलतानांची सत्ता होती, पुढे निजामाची आली. त्या काळात हैदराबादी धाटणीचा स्वयंपाक या भागात रुजला. लग्नातला दालचा त्यातलाच. हरभरा डाळ, दुधी भोपळा, चिंच आणि मांस एकत्र शिजवायचं, म्हणजे थोड्या मांसात मोठी पंगत जेवते. दलितवस्तीतलं बरबाट आणि मोहल्ल्यातला दालचा यांची चव वेगळी, पण गणित एकच: मांस कमी आहे, कठीण आहे, खाणारी तोंडं जास्त आहेत.

मांस कठीण का असतं? वर्षानुवर्षं नांगर ओढलेल्या जनावराच्या स्नायूंमध्ये कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन असतं. स्नायूंच्या तंतूंना ते दोरखंडासारखं बांधून ठेवतं. जास्त काम करणारे भाग, म्हणजे पाय, मान, खांदा, त्यात ते जास्त असतं. जनावराचं वय वाढतं तसे त्याचे धागे एकमेकांत अधिक घट्ट गुंततात. असा तुकडा झटपट भाजला तर चामड्यासारखा होतो. पण पाण्यात, मंद आचेवर दोन-तीन तास ठेवला, की कोलॅजेन हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं. तुकडा बोटाने तुटतो. रस्सा थंड झाल्यावर थरथरतो, तो या जिलेटिनमुळेच.

आपल्या आजीला कोलॅजेन हा शब्द माहीत नव्हता, पण इंधन कोणतं वापरायचं हे माहीत होतं. तुराट्या आणि पऱ्हाट्या भडभड जळून जातात. शेणाची गोवरी धुमसत राहते आणि एकसारखी मंद आच देते. म्हणून भगुनं गोवरीवर ठेवून, वर झाकणात पाणी घालून ती दुसऱ्या कामाला जायची. त्या धुराने मात्र तिच्या फुप्फुसांचं नुकसान झालं. चुलीची चव आठवताना हे विसरू नये.

ही अडचण फक्त आपलीच नव्हती. युरोपातल्या गरिबांकडेही हाडं आणि कठीण मांसच असायचं. वैद्यकशास्त्र शिकलेला फ्रेंच संशोधक देनी पापँ याने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक बंद भांडं दाखवलं. वाफ कोंडली की आतलं तापमान वाढतं आणि हाडंसुद्धा मऊ पडतात. भांडं फुटू नये म्हणून त्याने त्याला सुरक्षेची झडपही लावली. हा आपल्या प्रेशर कुकरचा पणजोबा. उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांच्या पुढे तापत नाही. धाराशिवसारख्या पठारावर तर ते शंभराच्या थोडं आधीच उकळतं. कुकरमध्ये तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं. म्हणून तीन तासांचं काम पाऊण तासात होतं, इंधन वाचतं आणि धूरही कमी होतो.

पाय्याच्या सुपाने हाडं जुळतात का?

हा प्रश्न मला हाड मोडलेल्या प्रत्येक दुसऱ्या पेशंटचे नातेवाईक विचारतात. याचं उत्तर इतिहासातच आहे.

पापँच्या भांड्यानंतर युरोपात एक कल्पना जोर धरू लागली: हाडांतून जिलेटिन काढा, त्याचं सूप करा आणि गरिबांना, इस्पितळातल्या रुग्णांना पाजा. स्वस्तात पोषण! पॅरिसमधल्या इस्पितळांत असं सूप दिलंही गेलं. मग तक्रारी आल्या आणि फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने एक समिती नेमली. फ्रांस्वा माजँदी हे प्रसिद्ध शरीरक्रियाशास्त्रज्ञ तिचे प्रमुख होते. समितीने कुत्र्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १८४१ साली अहवाल दिला: नुसत्या जिलेटिनवर जीव जगत नाही.

कारण आज आपल्याला कळतं. शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी काही अमिनो आम्लं असतात. त्यातलं ट्रिप्टोफॅन जिलेटिनमध्ये नसतंच. शिवाय हाडातलं कॅल्शियम पाण्यात फारसं उतरत नाही. सूप गरम आहे, चवदार आहे, भूक नसलेल्या पेशंटच्या पोटात काहीतरी जातं, हे सगळं खरं. पण हाड जुळायला पुरेशी प्रथिनं, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि वेळ लागतो. त्यामुळे सुपाबरोबर मांसाचा तुकडा, अंडं, डाळ, दूध हेही द्या. शाकाहारी पेशंटला पाय्याच्या सुपासाठी जबरदस्ती करण्याची काहीच गरज नाही.

रक्ती, काळीज आणि रक्तवाढ

"रक्ती खाल्ली की रक्त वाढतं" ही जुनी समजूत. ही बरीचशी खरी आहे, फक्त कारण वेगळं आहे. खाल्लेलं रक्त थेट आपलं रक्त होत नाही. पण रक्तात, काळजात आणि लाल मांसात हीम स्वरूपातलं लोह असतं. आतडं ते सहज शोषून घेतं. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतलं लोह त्यामानाने बरंच कमी शोषलं जातं. गंमत अशी, की ज्वारीच्या भाकरीबरोबर थोडं मांस खाल्लं, तर भाकरीतलं लोहही जास्त शोषलं जातं.

काळजाने तर वैद्यकशास्त्राचा इतिहासच बदलला. पर्निशस अ‍ॅनिमिया हा रक्तक्षयाचा प्रकार शंभर वर्षांपूर्वी जीवघेणा होता. १९२६ साली अमेरिकेतल्या मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी अशा ४५ रुग्णांना रोज भरपूर काळीज खायला घातलं आणि ते सुधारले. त्याआधी व्हिपल यांनी कुत्र्यांवर काळजाचा परिणाम दाखवला होता. तिघांना मिळून १९३४ चं नोबेल मिळालं. काळजातला तो घटक म्हणजे बी-१२ हे जीवनसत्त्व. ते १९४८ साली शुद्ध स्वरूपात वेगळं करण्यात आलं.

याच सुमारास आपल्या मुंबईत एक मोठा शोध लागत होता. लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली. गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणात होणाऱ्या एका घातक रक्तक्षयाचं कारण ती शोधत होती. ज्यांचं जेवण निकृष्ट, त्यांनाच हा आजार जास्त, हे तिच्या लक्षात आलं. काळजाच्या अर्काने आणि मार्माइट या स्वस्त यीस्टच्या अर्काने या स्त्रिया बऱ्या झाल्या. तिचा निबंध १९३१ साली प्रसिद्ध झाला. यीस्टमधला तो घटक म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड. आज प्रत्येक गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत ते असतं. त्या गोळीच्या इतिहासात मुंबईच्या गिरणी कामगार बायांचा वाटा आहे.

आता एक कटू गोष्ट. घरात रस्सा झाला तर चांगले तुकडे कुणाच्या ताटात जातात? आधी पाहुणे, मग पुरुष, मग मुलं. शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला तळाचं पाणी आणि भाकरी. मासिक पाळी, बाळंतपण आणि अंगावर पाजणं यामुळे लोहाची सर्वांत जास्त गरज तिलाच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हे फक्त मांसाहाराचं कोडं नाही. पण मांस शिजणाऱ्या घरातही बाई पांढरीफटक असते, याचं एक कारण वाढपात आहे. तुकडे मोजून वाढा आणि तिचा वाटा आधी काढून ठेवा. हा औषधाइतकाच महत्त्वाचा सल्ला आहे.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम १९७६ चा आहे. त्याने गाईच्या कत्तलीवर बंदी आली. मार्च २०१५ पासून दुरुस्ती लागू झाली आणि वळू व बैल यांची कत्तलही बेकायदा ठरली. ६ मे २०१६ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने ही कत्तलबंदी कायम ठेवली; राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगण्यावरचं कलम मात्र रद्द केलं. म्हशींच्या कत्तलीला सक्षम अधिकाऱ्याच्या दाखल्यानंतर परवानगी आहे.

म्हणून आज राज्यात "मोठ्याचं" म्हणून कायदेशीरपणे मिळतं ते म्हशीचं मटण. अनेक घरं बोकडाकडे वळली. आपल्या जिल्ह्याची उस्मानाबादी शेळी तर देशभर प्रसिद्ध आहे, पण तिचं मटण रोजंदारीवरच्या माणसाला महिन्यातून एकदाही जड जातं. अशा घरातून स्वस्त मांस गेलं आणि त्या जागी डाळ किंवा अंडी आली नाहीत, तर ताटातली प्रथिनं घटतात. मी आहाराचा सल्ला देताना हे विचारतोच: ते बंद झालं, मग त्याऐवजी आता काय खाता?

घरी शिजवताना

पाच जणांच्या रात्रीच्या जेवणासाठी अर्धा किलो म्हशीचं किंवा बोकडाचं मटण पुरे. परवानाधारक दुकानातून, शक्यतो सकाळीच घ्या. वरची दिसणारी चरबी काढून टाका. मांस नळाखाली धुताना पाणी इकडे-तिकडे उडू देऊ नका. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट कोशिंबिरीला वापरू नका.

हळद, मीठ, आलं-लसूण लावून तासभर मुरू द्या. दोन चमचे तेलात कांदा लालसर परता, त्यावर मांस घालून पाणी सुटेपर्यंत परता. मग गरम पाणी घालून झाकण ठेवा. मंद आचेवर दोन ते तीन तास, किंवा कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर तीस-चाळीस मिनिटं. भाजलेला कांदा-खोबऱ्याचं वाटण, काळं तिखट आणि दोन चमचे येसूर घालून दहा मिनिटं उकळा. शेवटी दुधीच्या फोडी आणि शिजलेली हरभरा डाळ घातली, तर तोच रस्सा दालच्याच्या वाटेने जातो आणि ताटात तंतुमय पदार्थ वाढतात. सोबत भाकरी, कांदा आणि लिंबू. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. जेवणानंतर तासभर चहा टाळा. चहा ते शोषण कमी करतो.

मोठ्या जनावराच्या कच्च्या मांसातून पट्टकृमी पोटात जाऊ शकतो. तो आतड्यात कित्येक मीटर वाढतो. मात्र तासन्‌तास शिजलेल्या रश्श्यात तो जगत नाही. धोका असतो तो अर्धकच्च्या कबाबात, आणि शिजलं का बघायला चाखलेल्या तुकड्यात.

या रश्श्याचा खरा धोका शिजवताना नसून नंतर असतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जंतूचे बीजाणू शिजवूनही उरतात. मोठं भगुनं झाकून रात्रभर ओट्यावर ठेवलं, की ते कोमट रश्श्यात झपाट्याने वाढतात. दुसऱ्या दिवशी तोच रस्सा नुसता कोमट करून खाल्ला, तर काही तासांनी पोटात मुरडा येऊन जुलाब लागतात. लग्नकार्यानंतर अर्धं गाव आजारी पडतं, त्यामागे अनेकदा असंच काहीतरी असतं. म्हणून उरलेला रस्सा उथळ भांड्यांत काढा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि खाताना खळखळून उकळा. फ्रिज नसेल तर त्याच वेळी संपेल एवढंच करा.

कुणी किती खावं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली खारवलेल्या, धुरी दिलेल्या अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक गटात टाकलं आणि साध्या लाल मांसाला "बहुधा कर्करोगकारक" गटात. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडाचा सल्ला असा, की शिजलेलं लाल मांस आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या पुढे नको. आपल्याकडच्या बहुतेक घरांत याच्या निम्मंही होत नाही. जिथे रोज होतं, तिथे कमी करा. लाल मांसात बोकडाचं मटणही येतं, हे विसरू नका.

गाऊट असेल तर नुसता रस्साही त्रास देतो. युरिक अ‍ॅसिड वाढवणारे प्युरिन पाण्यात उतरतात. काळीज, गुर्दा आणि वजडीही टाळा. हृदयविकार किंवा कोलेस्टेरॉल असेल तर रस्सा थंड करून वर गोठलेला चरबीचा थर काढा आणि मग गरम करा. किडनीचा आजार असेल तर प्रमाण तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत काळीज वारंवार खाऊ नका. त्यात अ जीवनसत्त्व फार असतं आणि त्याचा अतिरेक बाळाला घातक ठरू शकतो.

मांस खात नसाल तर डाळी, हरभरे, दूध, मोड आलेली कडधान्यं यांतून प्रथिनं मिळतात. बी-१२ मात्र दुधाशिवाय इतर शाकाहारात जवळजवळ नसतं. हात-पाय मुंग्या, जीभ लाल, सतत थकवा असेल तर तपासणी करून घ्या.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी "जेवणात काय असतं?" असं विचारलं, तर जे असतं ते सांगा. वजडी असेल तर वजडी, चान्या असतील तर चान्या, आणि आठवडाभर नुसती चटणी-भाकरी असेल तर तेही. मेलेलं जनावर वाट्याला येण्यात लाज होती, तर ती ज्यांनी ते वाट्याला दिलं त्यांची. हाती आलेल्या कठीण तुकड्यातून घर जगवणाऱ्या बाईने त्यात मान खाली घालण्यासारखं काहीच केलं नाही. आणि तुमचा आहार ऐकून तोंड वाकडं करणारा डॉक्टर भेटला, तर डॉक्टर बदला.